माळ्यावर वॉशिंग मशीन आणि फ्रीज चढवायचा विचार आहे. माळा पेलेल का? (कोपरखैरणे)

खाडीवारा
नमस्कार मंडळी. आमचं कोपरखैरण्यात रो-हाऊस आहे. बाबांनी २००९ मध्ये आत लोखंडी गर्डर टाकून, वर प्लाय ठोकून माळा करून घेतला. आधी तिथे गाद्या, गणपतीचं मखर आणि माझी कॉलेजची पुस्तकं असायची. पुढे फरशीसारखा दिसणारा व्हिनाईलचा कागद चिकटवून आम्ही तिथे झोपायला लागलो, म्हणजे आता ती खोलीच झालीय.

पुढच्या महिन्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. तिचा पलंग खाली हवा. खाली जागा करायची तर फ्रीज आणि वॉशिंग मशीन वर न्यायला लागेल. मशीनही नवीन घेतोय, ८ किलोचं फ्रंटलोड. ज्यांनी माळा केला ते फॅब्रिकेटर म्हणाले, "बिनधास्त ठेवा, हत्ती चढवलात तरी हलणार नाही." बायको म्हणते, तू चढलास तरी हलतो. कुणाला अनुभव आहे का?

चहाबाज
हत्ती चढवा म्हणणारा माणूस हत्ती उतरवायला कधी येत नाही. बायकोचं ऐका.

नौपाडकर
आमच्या चरईतल्या जुन्या घराला पोटमाळा होता. कौलारू घर, सागाच्या तुळया, वर फळ्या. आजोबा वर्षाचे तांदूळ वर ठेवायचे, सात-आठ पोती, तीही तेव्हाची क्विंटलची. शिवाय तांब्याचा बंब, दोन ट्रंका आणि एक आत्या (ती तिथेच अभ्यास करायची). साठ वर्षांत फळी करकरली नाही. तुमच्या मशीनचं वजन ७० किलो असेल नसेल. एवढी काळजी कसली करता?

घणसोलीचा गडी
+१. गणपतीत आमच्या माळ्यावर आठ जण पत्ते कुटत बसतात, म्हणजे झाले पाचशे किलो. मशीनचं काय घेऊन बसलात.

मोजपट्टी
मी याच धंद्यात आहे (स्ट्रक्चरल). उत्तराआधी चार प्रश्न:

गर्डर म्हणजे नक्की काय? आय सेक्शन (इंग्रजी I सारखा), चॅनल (C सारखा) की चौकोनी पाइप? फॅब्रिकेटर तिन्हींना गर्डरच म्हणतात.
गाळा किती, म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत किती फूट?
दोन गर्डरमधलं अंतर किती?
आणि सगळ्यात महत्त्वाचं, टोकं कशावर टेकली आहेत?

हे कळल्याशिवाय कुणी हो म्हटलं तर विश्वास ठेवू नका. मी म्हटलं तरी नको.

ठाण्याची ठमी
घणसोलीचा गडी, तुमचे आठ जण पत्ते खेळताना सेकंदाला वीस वेळा उड्या मारतात का?

आमची गोष्ट ऐका. लोकमान्यनगरला भाड्याने राहायचो तेव्हा लाकडी माळ्यावर मशीन ठेवलं होतं, साधं टॉपलोड. धुणं होईपर्यंत काहीच नाही. पिळायला लागलं की खालच्या मांडणीतल्या ताटल्या वाजायला लागायच्या. नंतर नंतर तर पंखा बंद असून डुलायचा. एकदा मी कुकर लावत होते आणि वरून घरर्र करत काहीतरी सरकल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर मशीन भिंतीपासून दीड हात चालत येऊन जिन्याच्या तोंडाशी उभं! नळी ताणली म्हणून थांबलं, नाहीतर माझ्या आधी खाली आलं असतं. त्या दिवशी आत एकच मोठी सोलापुरी चादर होती, ती एका बाजूला गोळा झाली होती.

माळा पडला नाही, हे खरं. पण मालकांनी पुढे फळ्या उचकल्या तेव्हा एका कडीला लांब चीर गेलेली होती. आधीपासून होती की आमच्यामुळे गेली, देव जाणे.

चहाबाज
चादर टाकली की मशीनच पळून जातंय म्हणजे चादर फारच मळकी असणार.

आडवातिडवा
अख्ख्या कोपरखैरण्यात प्रत्येक दुसऱ्या घरात असा माळा आहे आणि निम्म्या माळ्यांवर मशीन आहे. कुठे पडलेत? इंजिनिअर लोकांना प्रत्येक गोष्टीत प्रश्न विचारायची सवय असते, कारण प्रश्नांची फी लागते. साधी अक्कल वापरा.

मोजपट्टी
आडवातिडवा, इथे फुकट विचारतोय हो. साधी अक्कलच मांडतो, फक्त आकड्यांसकट.

आपल्याकडे राहत्या खोलीची जमीन किती भाराची धरायची ते आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात दिलंय: चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ २०० किलो. १० बाय १२ च्या खोलीला हे गणित सव्वादोन टनांवर जातं. इथेच लोक फसतात. सव्वादोन टन "पसरून" पेलण्याचा तो हिशोब आहे, एका कोपऱ्यात रचण्याचा नाही. आणि तो फक्त त्याच जमिनीला लागू, जी मुळात त्या हिशोबाने बांधली आहे. गाद्या ठेवायला केलेला माळा त्यात बसेलच असं नाही.

आता मशीन. फ्रंटलोड ६५-७५ किलो असतं, त्याच्या पोटात मुद्दाम काँक्रीटचा ठोकळा बसवलेला असतो. पाणी आणि ओले कपडे धरून १०० किलो म्हणा. नुसतं वजन म्हणून यात भीतीदायक काही नाही. दीड माणूस. नौपाडकरांची पोती याच्या कितीतरी जास्त झाली.

पण पोतं गप्प पडून असतं. मशीन १२०० फेऱ्यांनी पिळतं तेव्हा ड्रम सेकंदाला २० वेळा फिरतो. समजा अर्धा किलो कापड एका बाजूला गोळा झालं आणि ड्रमची त्रिज्या २४ सेंटिमीटर आहे. गणित केलंत तर त्या अर्ध्या किलोची ओढ जवळपास १९० किलोच्या वजनाइतकी भरते, आणि ती सेकंदाला वीसदा दिशा बदलते. आतल्या स्प्रिंगा आणि दट्टे त्यातलं बरंच खातात, उरलेलं जमिनीत जातं. नवी मशीन तोल गेला की थांबून कपडे पुन्हा पसरतात, ठमीताईंच्या जुन्या टॉपलोडला तेवढी अक्कल नसावी.

खाली घट्ट जमीन असेल तर हा हादरा तिथेच मरतो. हलक्या माळ्याची मात्र स्वतःची एक लय असते. झोपाळ्याला बरोबर वेळेवर ढकलत राहिलं की थोड्या जोरातही तो उंच जातो ना, तसंच. मशीन वेग घेताना माळ्याच्या लयीतून जातं आणि तेवढे काही क्षण सगळं घर थरथरतं. वेल्डिंग, स्क्रू, भिंतीतलं प्लास्टर याच थरथरीने सैल होतं. एका दिवसात नाही, वर्षांमध्ये. म्हणून "इतकी वर्षं काही झालं नाही" हा पुरावा तितकासा उपयोगाचा नाही.

नौपाडकर
पटलं. आमची पोतीही भिंतीलगतच असायची, आत्ता आठवलं. मधोमध ठेवू द्यायचे नाहीत आजोबा. मला वाटायचं चालायला जागा हवी म्हणून.

मोजपट्टी
आजोबांना कळत होतं. तेच वजन तुळईच्या मध्यावर ठेवलं की ती सगळ्यात जास्त वाकते, टेकूजवळ नेलं की बाक फारच कमी. तुळयांना आडवं ठेवून दोन-तीन तुळयांवर भार वाटला तर आणखी बरं.

वाशीची सून
मूळ प्रश्नात मला एक कळलं नाही. फ्रीज वर आणि ओटा खाली? दूध उतू जात असताना कोथिंबीर आणायला कोण धावणार? आईंचा गुडघा बरा झाल्यावर त्या पाण्याच्या बाटलीसाठी जिना चढणार आहेत का? गर्डरचं गणित राहू द्या, आधी घरच्या बाईला विचारा.

खाडीवारा
वाशीची सून, घरच्या बाईनेच हा धागा काढायला लावलाय :-)

सेक्टर सतरा
वर पत्रा आहे की स्लॅब? पत्रा असेल तर मे महिन्यात माळ्यावर भट्टी असते. फ्रीजने आतली उष्णता बाहेर टाकायची असते, बाहेरच तापलं असेल तर बिचारा दिवसभर चालूच राहतो. बिल आणि कॉम्प्रेसर दोन्हीकडून मार. आमचा तसाच गेला.

खाडीवारा
वर स्लॅब आहे. काल मोजमाप घेतलं, मोजपट्टीसाहेबांसाठी:

खोली १० बाय १२. गर्डर १० फुटांच्या बाजूने, तीन-तीन फुटांवर, तीन आहेत. खालून पीओपी आहे त्यामुळे सगळं दिसत नाही, पण जिन्यापाशी एक उघडा आहे, तो ४ इंच उंच, आय आकाराचा. वर १८ मिमी प्लाय. टोकं भिंतीत गेलेली आहेत, पुढचं दिसत नाही. मशीन बाथरूमच्या बाजूला ठेवणार, कारण माळ्यावर एक छोटं बाथरूम काढलंय आणि त्यासाठीची ५०० लिटरची टाकी तिथेच कोपऱ्यात लोखंडी स्टँडवर आहे, त्यामुळे पाण्याची सोय सोपी पडेल.

ठाण्याची ठमी
थांबा. टाकी???

घणसोलीचा गडी
टाकी!

चहाबाज
हत्ती आधीच वर आहे.

मोजपट्टी
खाडीवारा, मशीन विसरा. ५०० लिटर म्हणजे ५०० किलो पाणी. टाकीचा व्यास तीन फुटांचा धरला तर ते अर्ध्या-पाऊण चौरस मीटरवर बसलंय, म्हणजे चौरस मीटरला साडेसातशे किलोंच्या पुढे. वर ज्या २०० ची गोष्ट केली, त्याच्या जवळजवळ चौपट. आणि स्टँडचे चार पाय नुसत्या प्लायवर असतील तर एकेका पायावर सव्वाशे किलो. स्टँड नेमका गर्डरवर आहे की दोन गर्डरच्या मधे?

बाकी, ४ इंची आय सेक्शन खरंच असेल तर चांगली गोष्ट आहे. आयएसएमबी १०० (म्हणजे हाच ४ इंची आय सेक्शन) दहा फुटांच्या गाळ्यात मधोमध १०० किलो ठेवल्यावर जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर वाकतो. पण तिन्ही गर्डर तेच आहेत का ते बघा. पुष्कळदा दिसणाऱ्या जागी आय सेक्शन असतो आणि पीओपीच्या मागे २ बाय १ इंचाचा चौकोनी पाइप. २ मिमी जाडीच्या त्या पाइपची ताकद आय सेक्शनच्या चौदाव्या हिश्श्याइतकी भरते, आणि त्याच १०० किलोंखाली तो तीन सेंटिमीटरहून जास्त वाकेल. दोन्ही लोखंडच. फरक मुख्यतः उंचीचा. शाळेतली पट्टी आडवी धरून वाकवा, मग उभी धरून वाकवून बघा.

आडवातिडवा
टाकीचं मान्य. ते चुकीचंच आहे. मशीनबाबत माझं मत कायम.

नळदुरुस्ती
मी प्लंबिंगची कामं घेतो, नेरूळ-सीवूड्स पट्ट्यात. एक वेगळाच मुद्दा. फ्रंटलोडला पाणी यायला किमान दाब लागतो, माहितीपुस्तकात दिलेला असतो. टाकी दहा मीटर उंच असेल तर साधारण १ बार मिळतो. तुमची टाकी त्याच खोलीत स्टँडवर, म्हणजे मशीनच्या वर फार तर एक-दीड मीटर, दाब ०.१५ बारच्या वर जात नाही. मशीन पाण्याची वाट बघत बसणार आणि एरर दाखवणार. मग तुम्ही कंपनीचा माणूस बोलावणार, तो जाळी साफ करून पैसे घेऊन जाणार, परत एरर. मग पंप बसवणार, म्हणजे माळ्यावर आणखी एक थरथरणारी वस्तू.

आणि नळी निसटली तर? खाली प्लाय आहे. प्लाय एकदा पाणी प्यायला की संपला. वरून व्हिनाईल आहे म्हणजे कुजताना दिसणारही नाही.

गावदेवी
कुणी परवानगीबद्दल बोलत का नाही? नियमांच्या भाषेत माळा म्हणजे सामान ठेवायची मधली जागा, आतली उंची दीड मीटरपर्यंत. त्यात झोपायची खोली, बाथरूम, टाकी हे काहीच बसत नाही. ठाणे असो की नवी मुंबई, दोन्हीकडे २०२० पासून एकच एकत्रित नियमावली आहे, वाचून घ्या. शिवाय इमारतीला ३० वर्षं झाली की महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ खाली स्ट्रक्चरल तपासणी करून घ्यावी लागते. रो-हाऊस आहे म्हणून सुटका नाही. आपल्याच जिल्ह्यात शीळफाट्याला ४ एप्रिल २०१३ ला लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली, विसरलात का? ७४ माणसं गेली.

आडवातिडवा
लकी कंपाउंड आणि एका रो-हाऊसचा माळा? ती अख्खी इमारतच बेकायदा उभी केली होती. उगाच घाबरवू नका माणसाला. आईचं ऑपरेशन आहे त्यांच्या.

गावदेवी
घाबरवत नाहीये. परवानगी नसली की इंजिनिअरही बोलावला जात नाही, एवढंच म्हणतेय. सगळं फॅब्रिकेटरच्या तोंडी गणितावर चालतं.

घणसोलीचा गडी
मशीन वर चढवायचं असेल तर सांगा, आमच्या वडिलांची आख्खी हयात मार्केटात माथाड्याच्या कामात गेली. त्यांना जिना दाखवला की सांगतात किती माणसं लागतील. फ्रीज उभाच न्यायचा, मशीनचा ड्रम वाहतुकीत हलू नये म्हणून मागे लावलेले बोल्ट मशीन वर चढवून झाल्यावरच काढायचे, आणि जिन्यात खालच्या बाजूला नवशिक्याला उभं करायचं नाही. फी : एक मिसळ.

चहाबाज
आणि ते बोल्ट काढायला विसरायचं नाही. आमच्या साडूने विसरले होते. पहिल्याच धुण्याला शेजारच्यांनी भूकंप समजून गॅस बंद केला.

नौपाडकर
मिसळ म्हटलं तर मामलेदारची. दुसरी चालणार नाही.

वाशीची सून
नवी मुंबईच्या धाग्यावर ठाण्याची मिसळ लादू नये.

नौपाडकर
ताई, जिल्हा एकच आहे. हक्क आहे आमचा.

(इथे मिसळीवर बावीस प्रतिसाद झाले, ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक)

खाडीवारा
चार दिवस गायब होतो, माफ करा. मोजपट्टींचं वाचून झोप लागेना. रविवारी टाकी रिकामी केली आणि पीओपीचे दोन चौकोन कापले. सापडलं ते असं.

तीनपैकी दोन आय सेक्शन, ४ इंची. तिसरा, बाथरूमच्या बाजूचा, जिथे टाकी होती आणि जिथे मी मशीन ठेवणार होतो, तो दोन चौकोनी पाइप एकमेकांना टाके मारून जोडलेला. बाबांना विचारलं तर म्हणाले, बाथरूम नंतर काढलं, तेव्हा माल कमी पडला होता. पाइपच्या बुडाला गंज, बोट फिरवलं की पापुद्रे निघतात. टाकीखालचा प्लाय एका जागी मऊ लागतो.

आणि टोकं. एका बाजूची भिंत नऊ इंची आहे. दुसरी शेजाऱ्यांशी सामाईक, साडेचार इंची. प्लास्टर थोडं खरवडलं तर गर्डरचं टोक विटेत जेमतेम तीन इंच गेलंय, खाली ना पट्टी ना काँक्रीट. गंमत म्हणजे शेजारच्या काकांच्या माळ्याचं टोक त्याच रांगेत पलीकडून आलंय. मी ठोकलं तर ते तिकडून "काय हो?" म्हणाले.

मोजपट्टी
खाडीवारा, बघितलंत हे उत्तम केलंत. सामाईक भिंतीचं दुखणं रो-हाऊसमध्ये नेहमीचं. अर्ध्या विटेची भिंत खोल्या वेगळ्या करायला बांधलेली असते, दोन्हीकडून माळे टेकवायला नाही. टाकलेला भार त्या तीन इंच विटेवर एकवटतो, गर्डर कितीही मजबूत असू दे. आणि तुमचं मशीन पिळणार तेव्हा काकांच्या भिंतीवरचं घड्याळ हलणार.

टाकी परत भरू नका. माळ्यावर सध्या झोपूही नका, निदान त्या बाजूला. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा, काकांनाही सोबत घ्या, भिंत दोघांची आहे. बहुधा तो सामाईक भिंतीलगत जमिनीपासून दोन-तीन लोखंडी खांब घेऊन त्यावर आडवा चॅनल टाकायला सांगेल, म्हणजे भार विटेवर न जाता खांबांतून खाली जाईल, आणि पाइपाच्या जागी आय सेक्शन. पण खांबाखाली काय आहे तेही बघावं लागतं, म्हणून मापं तोच देईल, मी इथून देणार नाही.

ठाण्याची ठमी
आणि ऑपरेशन? तारीख तीच आहे का?

खाडीवारा
तारीख तीच. इंजिनिअर येऊन गेले, खांबांचंच सांगितलं, काम ऑपरेशननंतर सुरू करू. काकांनी अर्धा खर्च स्वतःहून कबूल केला, त्यांच्या माळ्यावर पिठाची गिरणी आहे म्हणे! तीही आता खाली येतेय.

आईचा पलंग बाहेरच्या खोलीत लावला, सोफा विकला. फ्रीज जिन्याखाली बरोबर बसला, दार डावीकडे उघडतं एवढीच अडचण. मशीन मागच्या मोरीत, जमिनीवर. माळ्यावर गाद्या आणि मखर परत गेलं.

टाकी रिकामी पडून आहे, ५०० लिटर, झाकणासकट. कुणाला हवी असेल तर घेऊन जा, पैसे नकोत.

घणसोलीचा गडी
मला हवीय. रविवारी येतो टेंपो घेऊन.

मोजपट्टी
कुठे ठेवणार?

घणसोलीचा गडी
…अंगणात हो, अंगणात.